काटा म्हणजे कोणता काटा

ज्या प्रकरणात खून झाला नाही, चोरी झाली नाही, कोणाच्या अंगाला साधं खरचटलंही नाही, असं प्रकरण खरं तर पोलिसाच्या लक्षात राहू नये. पण मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील पुसट होत चालले असताना हे एक मात्र मला आजही जसंच्या तसं आठवतं. सगळं एका वाक्यावरून झालं होतं. ते वाक्य मोबाइलवर लिहिलेलं होतं आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात ठाणेदार होतो. गावाचं नाव लिहीत नाही. धामणगाव बढेपासून फार लांब नाही आणि तिथला कापूस मलकापूरला जातो, एवढं पुरे. मी मूळचा साताऱ्याकडचा. बदली होऊन आलो तेव्हा इथल्या बोलीनं मला चांगलंच फसवलं होतं. देवळासमोरून 'वाहना गेल्या' अशी एकाची तक्रार आली. मी दोन शिपाई मोटारसायकली शोधायला रस्त्यावर पाठवले आणि त्या भल्या माणसाच्या गेल्या होत्या चपला! ठाण्यात महिनाभर सगळे माझ्यामागे हसत होते. त्या दिवसापासून कोणाचाही जबाब घेताना मधेच थांबून 'म्हणजे काय?' असं विचारायची सवय मी लावून घेतली.

गावात मोबाइलवर एक मोठा ग्रुप होता. निवृत्त मुख्याध्यापक तो चालवायचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. कोणाकडे मयत झाली, लाइट कधी येणार, कोणाची बकरी हरवली, कापसाला आज काय भाव आहे, हे सगळं त्या ग्रुपवर यायचं. दोनेकशे माणसं होती. गुरुजींनी नियम घालून दिले होते: राजकारण नाही, जातीधर्माचं काही नाही आणि नाव घेऊन कोणाची बदनामी नाही. नियम मोडला की मेसेज पुसला जायचा. पुन्हा पुन्हा मोडला की माणूसच ग्रुपबाहेर. आयुष्यभर फळा पुसलेला हात, त्याला मेसेज पुसायला कितीसा वेळ लागणार!

गुरुजींनी काढून टाकलेल्या लोकांनी मग आपला वेगळा ग्रुप काढला होता. त्याचं नाव 'बिनधास्त'. तिथे नियम एकच, की कोणताही नियम नाही. आमचे बीट हवालदार याच भागातले. ते दोन्ही ग्रुपमध्ये होते. ते म्हणायचे, "साहेब, गुरुजीच्या ग्रुपात कोनी बोलत नाई अन् या ग्रुपात कोनी आयकत नाई."

आठवडी बाजार जवळ आला होता. सकाळची हजेरी झाली आणि हवालदारांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. गुरुजींच्या ग्रुपवरच्या एका मेसेजचा फोटो 'बिनधास्त'वर आला होता. मेसेज असा: 'येत्या बाजारात शेठचा काटा काढतो. पाहाले या सारे.' खाली लोकांनी आपापला मसाला टाकला होता. एकाने लिहिलं होतं, सुपारी दिली आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, अमक्या वस्तीतली पोरं काठ्या घेऊन येणार आहेत.

शेठ म्हणजे गावातला कापूस आणि धान्य घेणारा व्यापारी. जुनं बागायतदार घर, मोठा गोतावळा. लिहिणारा तिशीतला लहान शेतकरी होता आणि बौद्ध वस्तीत राहणारा. दोन नावं आणि दोन वस्त्या एका फोटोत आल्या होत्या. पोलिसाला यापुढचं कोणी समजावून सांगावं लागत नाही.

तासाभरात शेठ स्वतः ठाण्यात आला. सोबत गावातली दोन वजनदार माणसं होती. तक्रार लिहूनच आणलेली: जिवे मारण्याची धमकी, तात्काळ गुन्हा दाखल करून अटक करावी.

"साहेब, काटा काढतो म्हन्ते उघडउघड. आता अजून कोनता पुरावा पायजे?" शेठ म्हणाला. "माह्ये लेकरंबाळं हायेत."

मी तक्रार ठेवून घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि चौकशी करून पुढे जातो असं सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. सोबतच्यांपैकी एकाने वर कोणाकोणाला फोन लागतो हे मला ऐकवलं. मी त्याला चहा पाजला. असे फोन नोकरीत पुष्कळ पाहिले होते. त्यावर चहा हाच उपाय.

त्या शेतकऱ्याला बोलावणं पाठवायची गरज पडली नाही. तो आपणहून आला, दारातच "जय भीम, साहेब" म्हणाला आणि उभाच राहिला. बस म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला टेकला. मी मोबाइलवरचा फोटो त्याच्यासमोर ठेवला.

"हे तू लिहिलंस?"

"हाव साहेब. मीच ल्हेलं."

"काटा काढतो म्हणजे काय? कोणता काटा?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तोलाचा काटा, साहेब. शेठच्या दुकानातला. अजून कोनता?"

मग एकेक गोष्ट बाहेर आली. त्याने गिरणीवर तोलून नेलेलं कापसाचं गाठोडं शेठच्या काट्यावर हलकं भरलं होतं. त्याने पुन्हा एक गाठोडं नेलं, पुन्हा तेच. ही गोष्ट त्याने गुरुजींच्या ग्रुपवर लिहिली. गुरुजींनी ती पुसली. त्याने शेठचं नाव काढून पुन्हा लिहिली. तीही पुसली गेली. असं पाच वेळा झालं. शेवटी चिडून त्याने लिहिलं की आता बाजारात सगळ्यांसमोर काटाच बाहेर काढतो. ती दुपारची वेळ होती आणि गुरुजींचा डोळा लागला होता. त्यामुळे हा एक मेसेज गुरुजी उठेपर्यंत ग्रुपवर राहिला. त्याआधीचे पाच कित्येकांनी पाहिलेच नव्हते. ज्याने मोबाइल उघडला त्याला एवढंच दिसलं की शेठचा काटा काढतो, पाहायला या.

"गुरुजीनं मले बाहेर काढलं. मंग मी कुठं सांगू, हा तोलाचा काटा हाय म्हनून? त्या बिनधास्तवाल्याईनं मले बोलावलं त्याईच्यात. मी नाई गेलो. तिथं शिव्या देतात लोकाईच्या मायबहिनीले."

मग तो खुर्चीत पुढे झुकला. "साहेब, वनरक्षकाच्या यादीत नाव लागलं माह्यं. तुमच्याकूनच कागद जाईन पडताळनीचा. गुन्हा लागला त सारं गेलं. वय निंघून चाललं माह्यं. हा शेवटचाच चान्स व्हता."

चारित्र्य पडताळणीचा तो कागद खरोखरच माझ्या टेबलाच्या खणात पडलेला होता. गुन्हा दाखल झाला की पुढे कोर्ट त्याला निर्दोष सोडेलही, पण तोवर नोकरी दुसऱ्याला मिळालेली असते. लोकांना वाटतं, आरोप खोटा ठरला म्हणजे झालं. त्याला लागणारी वर्षं कोणी परत देत नाही.

त्याचं बोलणं मला खरं वाटत होतं. पण वाटण्यावर तपास चालत नाही. शेठची बाजूही कायद्याने चूक नव्हती. ठाण्यात बसल्यावर शब्दाचा अर्थ बदलणारे मी शेकड्यांनी पाहिले आहेत. 'ठोकतो म्हणजे खिळा ठोकतो' असं सांगणारा एक महाभाग मला भेटलेला आहे. या माणसाचे ते पाच मेसेज कोणी वाचले होते का, हे कळायला हवं होतं.

हवालदार दिवसभर गावात फिरले. पारावर, सलूनमध्ये, कृषी केंद्रात विचारलं. वाचले होते पुष्कळांनी, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. पण जबाब द्यायची वेळ आली की प्रत्येकाचं एकच: "मी पाह्यलं तवा डिलीट झालतं, साहेब." शेठकडे कापूस घालायचा असतो आणि गावात राहायचं असतं. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता, हेही खरं.

मी गुरुजींना बोलावलं. धोतर, टोपी, स्वच्छ सदरा. दुसरं माणूस असतं तर मी आवाज चढवला असता.

"गुरुजी, त्या पाच मेसेजमध्ये काय होतं?"

"पुसले मी. ध्यानात नाही."

"आधी वाचलेच असतील ना? वाचल्याशिवाय कसे पुसाल?"

मग सदऱ्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. आमच्याच ठाण्याची नोटीस होती, सणासुदीला सगळ्या ग्रुपवाल्यांना देतात तशी. ग्रुपवर आक्षेपार्ह मजकूर आल्यास ॲडमिनला जबाबदार धरण्यात येईल.

"आक्षेपार्ह म्हंजे नेमकं काय, हे यात ल्हेलं नाही साहेब," गुरुजी म्हणाले. "मी म्हातारा माणूस. बायको आजारी राह्यते. ठाण्याची पायरी चढायची नाही म्हनून मी जे दिसलं ते पुसलं. अन् आज त्याच्याचपायी पायरी चढलो."

साप म्हणून भुई धोपटणं याला म्हणतात. आम्ही नोटीस धोपटली, गुरुजींनी मेसेज धोपटले आणि साप दुकानात गादीवर बसून राहिला. पण जबाब द्यायला गुरुजी तयार झाले नाहीत. गावात फूट नको, एवढंच म्हणत उठून गेले.

इकडे 'बिनधास्त'वर मसाला टाकणं चालूच होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी एक आवाजी मेसेज आला. कोणीतरी दम लागल्यासारखा सांगत होता, "बाजारात काठ्या उतरून राह्यल्या, आपल्याईनं तयारीत राहा." त्यावर दुसऱ्या बाजूनेही तसाच मेसेज फिरला. दोन्ही वस्त्यांतले वडीलधारे माझ्याकडे येऊन गेले. दोघेही म्हणाले, आमची पोरं शांत आहेत, तुम्ही समोरच्यांना सांभाळा. मी जादा कुमक मागवली. शेठला हवी होती ती अटक केली नव्हती, तर त्याला संरक्षण तरी द्यायला हवं, म्हणून जागा पाहायला मी हवालदारांसह त्याच्या दुकानात गेलो.

दुकानापुढे मोकळं अंगण, मागे गोदाम. बंदोबस्ताचे शिपाई कुठे उभे करायचे, मागचं दार बंद होतं का, हे मी पाहत होतो. शेठ बाजूने चालत आपल्याला किती भीती वाटते ते सांगत होता. तेवढ्यात माझी नजर काट्यावर गेली. इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्याच्या आकडे दिसायच्या काचेवर प्लास्टिकचा पातळ कागद अजून तसाच चिकटलेला होता.

"नवा घेतला?" मी सहज विचारलं.

"हाव. जुना बिघडला व्हता."

"कधी बिघडला?"

शेठ थांबला. "झाले... दोन-चार रोज."

मी काही बोललो नाही. पोलिसाने गप्प राहिलं की समोरचा माणूस आपणहून बोलायला लागतो. नोकरीत मी शिकलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट. शेठ बोलू लागला. जुना काटा कसा अधूनमधून बंद पडायचा, दुरुस्तीवाला कसा येत नव्हता. बरंच बोलला. मी त्याला थांबवलं.

"शेठ, तुम्हाला जिवाची भीती आहे ना? जिवाची भीती असलेला माणूस दाराला कडी बदलतो. कुत्रं आणतो. मुलाबाळांना सासुरवाडीला पाठवतो. तुम्ही काटा बदललात. त्या मेसेजचा अर्थ तुम्हाला पहिल्याच दिवशी कळला होता."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. शेठचं तोंड उतरलं. हवालदारांनी तोवर गोदामातल्या रिकाम्या पोत्यांमागून जुना काटा शोधला होता. पंच बोलावले, पंचनामा केला, काटा जप्त करून सील केला आणि वजनमापे निरीक्षकांना कळवलं. त्यांनी तपासलं तेव्हा तो काटा दर खेपेला शेतकऱ्याच्या मालाचं वजन कमीच दाखवत होता. पुढची कारवाई त्यांच्या खात्याने केली. ती माझी गोष्ट नाही.

गुन्ह्याचा प्रश्न सुटला होता. पण बाजार उद्यावर होता आणि लोकांच्या डोक्यात अजून काठ्याच होत्या. काटा जप्त झाल्याची बातमी 'बिनधास्त'वर गेली तर तिचीही 'शेठच्या घरावर धाड, हत्यारं सापडली' अशीच व्हायची. मी पुन्हा गुरुजींच्या घरी गेलो. या वेळी त्यांना ठाण्याची पायरी चढायला लावली नाही.

अंगणात बसून मी त्यांना नव्या काट्याचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "त्या पोराच्या नौकरीचं काय व्हईन?"

"गुन्हा लागणार नाही. पण उद्या बाजारात डोकं फुटलं, तर त्याच्या त्या मेसेजमुळे फुटलं असंच होईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"माह्याच शाळेत व्हता तो," गुरुजी म्हणाले.

बाजाराच्या दिवशी सकाळपासून माणसं रेंगाळत होती, पण माल कोणी घेत नव्हतं. भाजीवाल्यांनी पालं अर्धीच बांधली होती. एका बाजूला एका वस्तीतली पोरं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येकाची मान खाली. तो शेतकरी माझ्या सांगण्यावरून आमच्या गाडीजवळ उभा होता.

गुरुजी आले. ग्रामपंचायतीच्या कर्ण्याचा माइक त्यांनी मागून घेतला. दोनदा खाकरले.

"पोरांनो, मी तुमचा गुरुजी. आपल्या ग्रुपावरचे पाच मेसेज मी पुसले. ते सारे मले पाठ हायेत. आता आयका."

आणि त्यांनी ते पाचही मेसेज म्हणून दाखवले. एकामागून एक, शाळेत धडा म्हणवून घ्यावा तसे, थांबत थांबत. पहिल्यात शेठचं नाव होतं, दुसऱ्यात नव्हतं. तिसऱ्यात गिरणीवरच्या काट्याचं होतं. चौथ्यात त्याने गुरुजींनाच विचारलं होतं, 'गुरुजी, खरं बोलाव असं तुमीच शिकवलं, मंग पुसता काऊन?' पाचव्यात नुसतंच लिहिलं होतं, 'माह्यं आयका.'

शेवटी गुरुजींनी तो सहावा मेसेजही म्हटला. त्या पाचानंतर तो ऐकताना 'काटा' या शब्दाचा दुसरा अर्थ कोणाच्या मनातसुद्धा आला नसेल. गर्दीत कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायला संकोच वाटतो, पण माझे डोळे भरून आले होते.

"हे मी पुसलं, ही माह्यी चूक," गुरुजी म्हणाले. "आता ज्याईनं काठ्याचं ल्हेलं, सुपारीचं ल्हेलं, त्याईनं बी इथं या. हा माइक घ्या. बोला बिनधास्त."

त्यांनी माइक पुढे धरून ठेवला. कोणी आलं नाही. तरी गुरुजींनी तो खाली घेतला नाही. शेवटी एक भाजीवाली ओरडली, "अवो गुरुजी, ठिवा आता, माह्ये वांगे सुकून राह्यले!" आणि बाजार सुरू झाला.

तो आवाजी मेसेज टाकणारा आम्हाला पुढे सापडला. दुसऱ्याच तालुक्यातला होता. हा बाजार त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याच्यावर गुन्हा दाखल केला. तो मला सांगत होता, "साहेब, बोलायचं सोतंत्र हाय ना आपल्या देशात?" मी म्हटलं, आहे, म्हणूनच आता सगळं सविस्तर बोल, मी लिहून घेतो.

नंतर गुरुजींनी आपल्या ग्रुपचा नियम बदलला. कोणाचा मेसेज काढायचा असेल तर आधी त्या माणसाला फोन करायचा, त्याला काय म्हणायचं आहे ते विचारायचं आणि मग काढायचा. शिवीगाळ आणि आगलावेपणा मात्र लगेच बाहेर. त्यांना दिवसाला पुष्कळ फोन करावे लागत. घशाला गोळ्या सुरू झाल्या, असं ते कौतुकाने सांगायचे.

लोक मला विचारतात की अशा ग्रुपांवर बंधन असावं की मोकळीक असावी. मी पोलीस खात्यातला माणूस, मला बंधनाचीच बाजू घ्यायला आवडली असती. पण त्या गावात बंधनाने एका सरळ माणसाला जवळजवळ खुनी ठरवलं, आणि मोकळीक त्याच्या नावावर काठ्या वाटत फिरली. पुसणाऱ्याने विचारलं नाही आणि पसरवणाऱ्यानेही विचारलं नाही. एवढंच मला त्यातून कळलं, आणि पुढच्या नोकरीत कामाला आलं ते एवढंच.

पडताळणीच्या कागदावर मी 'गुन्हा नोंद नाही' असा शेरा लिहून सही केली. त्याला नोकरी लागली. मी निवृत्त झाल्यावर एकदा त्याचा फोन आला. जंगलातून बोलत होता, आवाज तुटत होता. इकडचं तिकडचं झालं. फोन ठेवण्याआधी म्हणाला, "साहेब, एक सांगू? दोनशे मानसं व्हते ग्रुपात. माह्ये सोयरे व्हते, दोस्त व्हते, गुरुजी व्हते. पन 'कोनता काटा बे?' असं एकानं बी इचारलं नाई मले. पयले तुमीच इचारलं."